अंगावर काढलेलं

३ फेब्रुवारी, सोमवार

पोचलो एकदाचे! मी, भिंगरी, दोन बॅगा आणि एक बादली. बादलीत भिंगरीची खेळणी, कारण बॅगेत ठेवली तर त्यांचा जीव गुदमरतो म्हणे. टेम्पोवाल्याने पुन्हा पुन्हा विचारलं, बाकीचं सामान मागून येतंय का. मी म्हटलं, बाकीचं म्हणजे हेच.

जागा अपेक्षेपेक्षा कितीतरी चांगली निघाली. वरचा मजला, तीन खोल्या, नळाला दिवसभर पाणी, आणि रस्त्याकडची खोली चक्क आम्हा दोघींना. खिडकीतून समोरच्या फुटपाथवरचं बाक दिसतं आणि त्यापलीकडे बालवाडीचं निळं फाटक. भिंगरीला उद्याच तिथे घालायचं. जनावरांच्या दवाखान्यात होते तेव्हा हिला टेबलाखाली बसवून कुत्र्यांची ड्रेसिंगं केली आहेत मी. भिंगरीचे बाबा गेल्यावर दुसरा इलाजच नव्हता. त्यामुळे जाहिरातीत ‘मूल चालेल’ एवढं वाचलं आणि आधी फोन लावला. ‘सरड्याच्या अंगावरच्या गाठी ओळखता येतील अशी व्यक्ती हवी’ हे वरचं वाक्य नंतर नीट पाहिलं.

घराच्या मालकीणबाई म्हणजे निवृत्त चित्रकला शिक्षिका. सगळे त्यांना नुसतं बाई म्हणतात, म्हणून मीही. सत्तरीच्या असतील, पण कातडी इतकी नितळ की हेवा वाटावा. सुरकुती नाही, डाग नाही, एक तीळसुद्धा नाही. गंमत म्हणजे मी पाणी प्यायला आत गेले आणि बाहेर येईपर्यंत त्या कशा दिसतात तेच विसरून गेले. प्रवासाचा शीण, दुसरं काय. दिवाणखान्यात एका बाईचं मोठं चित्र लावलंय. जाड भुवया, वरच्या ओठावर ठसठशीत तीळ, दंडावर लस टोचल्याचा गोल व्रण. कोण म्हणून विचारलं तर बाई म्हणाल्या, मीच. मी बरं म्हटलं. स्वतःच्याच चित्रात स्वतःला तीळ लावून घेतला तर आपलं काय जातं!

त्यांचे यजमान, म्हणजे सर, वृद्धाश्रमात असतात. बाईंना ते ओळखत नाहीत. हे बाईंनीच सांगितलं आणि लगेच चहात साखर किती ते विचारलं.

भिंगरी नव्या जागी रडून घर डोक्यावर घेईल अशी मला धास्ती होती. पण बटण होतंच. माझ्या डाव्या कानाखाली, मानेवर, वाटाण्याएवढी चामखीळ आहे, वर एक आगाऊ केस. तान्ही होती तेव्हापासून भिंगरी त्या चामखिळीवर बोट ठेवूनच झोपते. बटण दाबलं की दिवा बंद, असा तिचा हिशेब आहे. आत्ताही गाढ झोपलीये. उजव्या गालावरची चहा सांडल्यासारखी जन्मखूण उशीवर दाबली गेली आहे. ती जन्मली तेव्हा मी ती खूण ओल्या बोटाने पुसून पाहिली होती, आणि नर्स पोट धरून हसली होती.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज पेशंटची गाठ पडली. नाव रंगोबा. शॅमेलिऑन म्हणजे शेवटी सरडाच, फक्त महागातला. मागच्या खोलीत जाळीचा उंच पिंजरा आहे, आत कुंडीतलं झाड, वर उबेचा दिवा, आणि पानांवर थेंब थेंब पाणी पडेल अशी नळी. वाटीतलं पाणी ही जात पीत नाही, पानावरचे थेंब चाटते. भिंगरीने लगेच जाहीर केलं की तीही आजपासून वाटीतून पिणार नाही.

त्याच्या डोळ्यांनी भिंगरी फारच खूश झाली. एक डोळा तिच्यावर, दुसरा माझ्यावर, दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. मी तिला सांगून ठेवलंय की दोन्ही डोळे एका जागी आले की समजायचं, आता किड्याचं काही खरं नाही.

पण अंग काय झालंय बिचाऱ्याचं! पाठ, पाय, जबडा, कुठे म्हणून जागा रिकामी नाही. फुगवटे, खड्डे, डाग, खपल्या. मी बाईंना विचारलं, हे असं कधीपासून. बाई म्हणाल्या, फार वर्षं झाली, तो सगळं अंगावर काढतो.

ऐकून माझं डोकंच फिरलं. दवाखान्यात हेच ऐकत आले. माणसं आपली दुखणी अंगावर काढतात ते काढोत, पण मुक्या जनावराने अंगावर काढायचं आणि मालकांनी ते कौतुकाने सांगायचं, हे मला खपत नाही. पहिलाच दिवस, तरी मी बोललेच. म्हटलं, यापुढे मी त्याला काही अंगावर काढू देणार नाही. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. खरंच थांबवता येईल का, असं विचारलं आणि त्यांचे डोळे भरून आले. मग मलाच ओशाळं झालं.

त्या स्वतः पिंजऱ्याजवळ जाताना तोंडाला रुमाल बांधतात. मलाही रुमाल आणि हातमोजे काढून दिले, तोंडाजवळ नेऊ नका म्हणाल्या. मी घेतले आणि खिशात ठेवले. हातमोज्याला ही जनावरं बिचकतात. उघडा, उबदार हात पुढे धरायचा आणि ते आपणहून चढेपर्यंत थांबायचं, हे मला दवाखान्यात पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. रंगोबा सावकाश चढला, दंडावरून खांद्यावर आला आणि कानापाशी जाऊन बसला. शहाणं बाळ आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

रोज त्याला खांद्यावर घेऊन खिडकीच्या उजेडात बसते आणि भिंगातून एकेक गाठ बघते. भिंगरीला वाटतं, भिंग तिच्याच नावाचं आहे, म्हणून ती ते हक्काने पळवते.

पाठीच्या कण्यावरचे फुगवटे म्हणजे दिव्याचे चटके. दिवा फार खाली लावला होता, तो वर घेतला. जबड्याखालची कडक गाठ म्हणजे साचलेला पू. यांचा पू वाहत नाही, खव्यासारखा घट्ट होतो. बरगडीवर कातडीखाली दोरा वळून ठेवल्यासारखं दिसतं तो जंत. मागच्या पायांचे सांधे सुजलेत, खाण्यात काहीतरी चुकलं आहे. इथवर मी एखाद्या परीक्षेला बसल्यासारखी धडाधड ओळखत गेले आणि बाईंकडे बघून ऐट मारली.

पण दोन गोष्टींना नाव देता येईना. पुढच्या पायाच्या वरच्या भागावर एक गोल, आत दबलेला व्रण आहे, कडेने बारीक खड्डे. आणि तुऱ्याच्या पुढे कपाळावर एक आडवी रेघ, दोन्ही बाजूंना ठिपके. हे तर टाके! जखम शिवून भरून आली की असंच दिसतं. बाई म्हणाल्या, याला कधीच कुठल्या डॉक्टरकडे नेलं नाही.

दवाखान्यातल्या आमच्या डॉक्टरांना फोटो पाठवले. ते फोनवर हसत सुटले. सरड्यावर शिवणकाम कोण शिकतंय म्हणाले. शिवाय मी गेल्यापासून दवाखान्यात एकही चिमटा जागेवर सापडत नाही, अशी तक्रार केली. बरं वाटलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज एक गाठ निकालात काढली. रंगोबाच्या वरच्या ओठावर मोहरीएवढा काळा ठिपका होता. अडकलेली कात किंवा वाळकी खपली, भिंगातून तसंच वाटलं. कोमट पाण्याचा कापूस धरला, चिमट्याने उचलला, आला अलगद. खाली ताजी कातडी. कापूस, खपली, सगळं केरात.

मोठ्या अभिमानाने बाईंना सांगितलं. त्या पांढऱ्याफटक पडल्या. कुठे टाकलं एवढंच विचारलं. मग केराचा डबा जमिनीवर उपडा केला आणि गुडघ्यांवर बसून भाजीची सालं, चहाचा चोथा बोटांनी चिवडत राहिल्या. मी उचलायला गेले तर हात झिडकारला. शेवटी काहीतरी काळं सापडलं ते त्यांनी आरशासमोर ओठावर दाबून धरलं. तो चहाच्या पावडरीचा कण निघाला.

मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

दर रविवारी बाई रंगोबाला झाकलेल्या टोपलीतून वृद्धाश्रमात नेतात. म्हणे सर बाईंना ओळखत नाहीत, पण रंगोबाला जवळ घेतात, त्याच्या ओठावरून बोट फिरवतात आणि बाईंच्या लाडक्या नावाने हाक मारतात. म्हातारपण वाईट, एवढं खरं.

आज बाई लवकर परत आल्या. टोपली दारातच ठेवली आणि चपला न काढता बसून राहिल्या. आज सरांनी त्यालाही ओळखलं नाही. हे काय घाणेरडं आणलंय म्हणून ढकललं.

मी खिचडी टाकली. त्या जेवल्या नाहीत.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

रंगोबाला नवी गाठ आली आहे. डाव्या बाजूला, तुऱ्याच्या खाली. गेल्या आठवड्यात तिथे काही नव्हतं, फोटो आहेत. मऊ, तपकिरी, देठावर उभी. चटका नाही, पू नाही, जंत नाही. भिंग लावलं तर वर एक केस.

सरड्याला केस नसतो. कुठल्याच सरड्याला, पालीला, सापाला नसतो. डॉक्टर म्हणाले, किड्याचा पाय चिकटला असेल, ओढून बघ. मी ओढला. मुळातून उपटला जाताना केस जसा अडतो तसा अडला आणि रंगोबाने अंग चोरलं. गाठीवर रक्ताचा थेंब आला.

कापून तपासायला पाठवावी असं डॉक्टरांचं मत. बाईंना सांगितलं तर त्यांनी आधी गाठीकडे पाहिलं, मग रुमाल तोंडावर ओढत माझ्या मानेकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, कापू नका. मुलीला घेऊन आजच्या आज जा. दवाखान्यासमोर खोली बघा, मी भाडं देते.

म्हातारीला झालंय तरी काय? बालवाडीत आत्ताच कुठे भिंगरीला एक मैत्रीण मिळाली आहे. मी म्हटलं, बघू.

१५ फेब्रुवारी, शनिवार

भिंगरीने दुपारी झोपताना विचारलं, बटण कुठे गेलं. मी म्हटलं, नीट शोध. तिने दोन्ही बाजू चाचपल्या. मग मी चाचपलं.

चामखीळ नाही. खूण नाही, खपली नाही, काही नाही. मान लहान मुलीसारखी गुळगुळीत. वाळून गळतात कधीकधी, दवाखान्यात पाहिलंय. लोक पैसे देऊन काढून घेतात, माझी फुकटात गेली. असं मी भिंगरीला सांगितलं. तिला ते पटलं नाही. झोपलीच नाही, नुसती मुसमुसत राहिली.

हनुवटीवरची खूणही दिसत नाही. झोपाळ्यावरून पडले होते तेव्हाची. आरशाला वाफ धरली असेल म्हणून पुसला. आरसा स्वच्छ आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

फोन माझा चेहरा ओळखत नाही. परत परत आकडे टाका म्हणतो. कॅमेऱ्याची काच पुसली, उजेडात गेले, केस बांधले, सोडले. नाहीच.

दुपारी भिंगरी सापडेना. मागच्या खोलीत होती. पिंजऱ्याला टेकून जमिनीवर झोपलेली, जाळीतून एक बोट आत. ते बोट रंगोबाच्या गाठीवर होतं. एरवी गाठीला हात लागला की हा अंग चोरतो, पण आज फांदीवर अगदी खाली येऊन तो तिच्यासाठी स्थिर बसला होता. दोन्ही डोळे तिच्या चेहऱ्यावर.

मी तिला उचलून आणलं. झोपेतच रडली. बटण हवंय म्हणून.

त्याच्या जबड्यावर, बरोबर मधोमध, आता एक तिरकी पांढरी रेघ आहे. माझ्या हनुवटीवर होती तशी.

मी काही खुळी नाही. हे योगायोग असतात. उद्या खोलीचं बघते.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

बालवाडीत भिंगरीला आणायला गेले. तिथल्या ताईंनी विचारलं, आपण कोण. रोज जिच्याशी फाटकात उभी राहून गप्पा मारते ती ताई! मी चेष्टा समजून हसले. त्या हसल्या नाहीत. मुलीला फक्त ओळखीच्या माणसाच्या ताब्यात देतो म्हणाल्या. मी म्हटलं, मीच तिची आई, तिलाच विचारा. भिंगरीला बोलावलं. भिंगरीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि ताईंच्या मागे लपली.

आवाज चढवला तर शिपाई आला. शेवटी घरी धावत येऊन बाईंना पाठवलं. बाईंना भिंगरी ओळखते, त्यांच्या बरोबर आली. वाटेत बाईंना विचारत होती, त्या काकू आपल्या मागे का येतायत.

त्या काकू.

जिना चढताना मी गाणं म्हटलं, आमचं झोपायचं. तेव्हा थांबली. आवाजाकडे बघत राहिली, माझ्याकडे नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी दवाखान्यात गेले. वाटलं, डॉक्टर बघतील, तपासतील, काहीतरी नाव देतील याला. त्यांनी विचारलं, कुठलं जनावर आणलंय. मी नाव सांगितलं. ते म्हणाले, ती आता इथे नसते, नोकरी सोडून गेली, फार हुशार बाई होती.

बाहेर पायरीवर बसून रडले.

दुपारी आईला व्हिडिओ कॉल केला. तिने माझ्याकडे बघून विचारलं, कोण तुम्ही, माझ्या मुलीचा फोन तुमच्याकडे कसा. मी आई म्हटलं. पुन्हा म्हटलं. ती म्हणाली, आवाज तिचाच काढताय, पण माझं लेकरू मला कळत नाही का? माझ्या मुलीला काय केलंत? आणि ओरडायला लागली.

मी फोन बंद केला. माझ्या आईला मी घाबरवलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

बाईंना धरून विचारलं. अक्षरशः खांद्यांना धरून. त्या जराही चिडल्या नाहीत. म्हणाल्या, मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तो अंगावर काढतो.

म्हणाल्या, जन्मभर मुलांना फूल काढा, मांजर काढा असंच शिकवलं. काढणं म्हणजे दुसरं काय असतं? तो काढतो. जे जवळून, फार वेळ बघतो ते आपल्या अंगावर काढतो. आणि त्याने काढलं की मूळ पुसलं जातं. मी चित्रं काढली तरी समोरचं फूल फुलदाणीत राहायचं. त्याचं तसं नाही.

आणि मी काय ऐकलं! दुखणं अंगावर काढतो. दवाखान्यात राहून राहून कान तेवढंच ऐकतात. हातमोजे खिशात ठेवले, रुमाल खिशात ठेवला, आणि रोज त्याला मानेपाशी घेऊन बसले.

पायावरचा गोल व्रण बाईंचा. कपाळावरचे टाके माझ्या आधी या कामावर होत्या त्या ताईंचे. त्याला मारता येत नाही, कारण तो मेला तर सगळं त्याच्याबरोबर जाईल. म्हणून बाई गाठी ओळखणारं माणूस शोधत होत्या. आपली गाठ कुठली ते ओळखावी, जिवंत उचलावी, परत लावावी, एवढीच आशा. सर फक्त तिळाला ओळखायचे. ओठावरच्या तिळाला. तो मी ओल्या कापसाने पुसून केरात टाकला.

मी त्यांच्या पायाशी बसले. माफी मागितली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाल्या, मलाही भिंगरीची आई लक्षात राहिली नाही. म्हणजे तू. आधीचं तुझं तोंड. आठवत नाही गं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

भिंगरीला घेऊन निघाले. बॅगा नाहीत, काही नाही. नुसती तिला उचलली. जिन्यात तिने माझ्या हाताला चावा घेतला, आई आई ओरडली. रस्त्यावर माणसं थांबली. कुणाचं मूल पळवताय असं विचारलं.

समोरच्या बाकावर एक बाई बसलेली असते. रोज बसते बहुतेक, माझ्या कधी लक्षात राहिली नाही. तिने जागा करून दिली. म्हणाली, माझे टाके घेतले. तुझं काय घेतलं? नवऱ्याने दार उघडलं नाही तिला. तेव्हापासून इथेच.

तेवढ्यात भिंगरी सुटून घरात पळाली. वर गेले तर पिंजऱ्याचं दार उघडं होतं, तो तिच्या मांडीवर, तिचं बोट गाठीवर. त्याला सांगत होती — बाहेरच्या काकू वाईट आहेत. आई, तू मला सोडून जाऊ नकोस.

तिचं रडं थांबलं होतं. किती दिवसांनी झोपली. मला तिला उठवता येईना.

२३ फेब्रुवारी, रविवार

बाई वृद्धाश्रमात गेल्या, टोपलीशिवाय. परत आलेल्या नाहीत.

भिंगरी माझ्या हातचं खात नाही. ताट पिंजऱ्याजवळ ठेवलं की खाते. मी दाराआडून गाणं म्हणते. ती त्याच्याकडे बघून ऐकते.

त्याच्या उजव्या गालावर नवा डाग. सपाट, फिका तपकिरी. चहा सांडल्यासारखा. गाठ नव्हे. कात नव्हे. कुठेतरी पाहिलाय. रोज बघितल्यासारखा. ओल्या बोटाने पुसून पाहिला. जात नाही.

बाईंचा असेल. किंवा बाकावरच्या बाईचा. कुणाचा — आठवेल.

२४ फेब्रुवारी, सोमवार

ठरलं. दुपारीच करायचं, भिंगरी झोपली आहे तोवर. ती आतल्या खोलीत, चादर डोक्यावरून.

तीळ वाळला होता, म्हणून गेला. माझी गाठ जिवंत आहे. केस आहे, रक्त आहे. देठापासून उचलायची, गरम असतानाच मानेवर लावायची, टाके घालायचे. ताजी असेल तर धरते. कुत्र्याच्या कानावर धरलेली मी पाहिली आहे. ब्लेड उकळलंय. सुई उकळली आहे. आरसा खिडकीत.

तो डाव्या हातावर बसलाय. उजव्याने लिहितेय. लिहिलं की डोकं जागेवर राहतं.

एवढं झालं की भिंगरी बोट ठेवेल आणि बटण सापडेल. एवढंच हवंय. बाकी सगळी तोंडं विसरली तरी चालतील.

आता —

कुणीतरी आत आलं. एक मुलगी. चारेक वर्षांची, केस विस्कटलेले. गोरे गाल, डाग ना खूण. कुणी सोडली हिला वर? बालवाडीतली असेल, फाटक उघडं राहिलं असेल.

ब्लेड बघून किंचाळली. माझ्या आईला कापू नको म्हणते. रंगोबाला म्हणते! मी म्हटलं, बाळ, तुझी आई खाली असेल, जा. जात नाही. मला मारतेय. इवल्या मुठी. कुणाचं तरी लेकरू चुकलंय आणि मला आत्ता वेळ —

भिंगरी उठेल या आवाजाने. आत बघितलं. गादी रिकामी. चादर जमिनीवर.

भिंगरीला हाक मारली.

या मुलीने मान वर केली.

परत मारली. मोठ्याने. भिंगरी, कुठे आहेस, ये गं, आई इथे आहे. ही परकी पोर माझ्याकडे बघून ओ देतेय. मी माझ्या भिंगरीला हाक मारतेय आणि ही का ओ दे